सेवापुरवठादाराच्या नेटवर्कमध्ये ग्राहकांचे ‘स्पॅनिंग ट्री’ वेगळे का ठेवतात?

अमेरिकेतील बोस्टन येथील बेथ इस्रायल डीकनेस वैद्यकीय केंद्राचे संगणक नेटवर्क नोव्हेंबर २००२ मध्ये कोलमडले. ते पूर्ववत होईपर्यंत सुमारे चार दिवस डॉक्टरांना आणि परिचारिकांना कागदावर काम करावे लागले. या घटनेमागे संगणक विषाणू नव्हता, की बाहेरून झालेला हल्ला नव्हता. नेटवर्कचा पसारा ‘स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल’ या पद्धतीच्या मर्यादेपलीकडे गेला होता.

ही पद्धत लूप रोखण्यासाठी आहे. इंटरनेटवरील आयपी पॅकेटमध्ये प्रत्येक राउटरगणिक एकाने घटणारा आकडा असतो. तो शून्यावर आला की पॅकेट टाकून दिले जाते. इथरनेटच्या फ्रेममध्ये अशी आयुर्मर्यादाच नाही. दोन स्विचमध्ये दोन मार्ग खुले राहिले, तर सर्वांना उद्देशून पाठविलेली फ्रेम त्यांतून अखंड फिरत राहते, तिच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांतच सारी क्षमता गिळली जाते. दुसरा मार्ग मात्र हवाच असतो, कारण पहिला तुटू शकतो. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये यावर उपाय शोधला. स्विच परस्परांना ‘बीपीडीयू’ नावाचे छोटे संदेश पाठवितात, सर्वांत लहान ओळखक्रमांकाच्या स्विचला मूळ मानतात आणि जादा मार्ग तात्पुरते बंद ठेवतात. उरते ते चक्र नसलेले, झाडासारखे जाळे. १९९० मध्ये ‘८०२.१डी’ या मानकात ही पद्धत समाविष्ट झाली.

एका संस्थेच्या आवारात हे पुरेसे ठरते. प्रश्न बिकट होतो तो दोन संस्थांची जाळी एकमेकांत गुंतल्यावर. समजा, एखाद्या बँकेने दोन शहरांतील कार्यालये जोडण्यासाठी दूरसंचार कंपनीची इथरनेट सेवा घेतली. बँकेच्या दृष्टीने ती केवळ एक लांब केबल आहे. पण त्याच यंत्रणेतून कंपनी इतर शेकडो ग्राहकांची वाहतूक करीत असते, आणि तिचे स्वतःचे स्पॅनिंग ट्रीही तेथे चालू असू शकते. बँकेचे बीपीडीयू तिच्या दारात आले, तर तिने काय करावे?

ते वाचून आपल्या गणितात धरले, तर ग्राहकाच्या कोपऱ्यातला एखादा साधा स्विच, केवळ त्याचा क्रमांक लहान म्हणून, साऱ्या कंपनीच्या नेटवर्कचे मूळ बनू शकतो. एका शाखेत केबल निघाली तरी त्याचे धक्के अनोळखी ग्राहकांना बसतील. मग ते फेकून द्यावेत, हा सोपा वाटणारा पर्याय तितकाच घातक आहे. बँकेने याच दोन कार्यालयांत दुसऱ्या कंपनीची जोडणीही घेतली, तर दोन्ही कंपन्यांतून जाणारे एक चक्र तयार होते. ते दोहोंपैकी कोणाच्याच ट्रीला दिसत नाही. ते ओळखू शकतात बँकेचेच बीपीडीयू, आणि तेच वाटेत नष्ट झालेले असतात. म्हणून हे संदेश न वाचता, जसेच्या तसे पलीकडे पोचविणे हाच खरा मार्ग उरतो.

२००५ च्या ‘८०२.१एडी’ या मानकाने ही व्यवस्था नेमकी केली. ग्राहकाच्या प्रत्येक फ्रेमवर कंपनी स्वतःचा बाहेरचा टॅग लावते. ग्राहकाचे आतील व्हीलॅन क्रमांक त्यामुळे अबाधित राहतात. बीपीडीयूंसाठी युक्ती पत्त्याची आहे. ग्राहकाचे संदेश ०१-८०-सी२-००-००-०० या पत्त्यावर जातात, तर कंपनीच्या स्विचसाठी ०१-८०-सी२-००-००-०८ हा वेगळा पत्ता राखून ठेवला आहे. कंपनीचे अंतर्गत स्विच पहिल्या पत्त्याला सामान्य वाहतूक समजून त्याच ग्राहकाच्या मार्गाने पुढे धाडतात. एवढे मोठे विलगीकरण अखेर एका आकड्याच्या फरकावर उभे आहे.

बाहेरच्या टॅगमधील क्रमांक १२ बिटांचा असल्याने ४,०९४ सेवांपुढे जाता येत नाही. ही अडचण २००८ च्या ‘८०२.१एएच’ मानकाने २४ बिटांचा सेवाक्रमांक देऊन दूर केली. ‘व्हीपीएलएस’ पद्धतीत तर कंपनीच्या गाभ्यात स्पॅनिंग ट्रीची गरजच राहत नाही. तेथे प्रत्येक सीमा-राउटर इतर सर्वांशी थेट जोडलेला असतो आणि गाभ्यातून आलेली फ्रेम पुन्हा गाभ्यात पाठवायची नाही, असा नियम असतो. मात्र ग्राहकाने स्वतः जोडलेली मागच्या दाराची वाट हा नियमही ओळखू शकत नाही. तेथे ग्राहकाचे बीपीडीयू पलीकडे पोचणे आवश्यकच राहते.

व्यवहारात सगळ्याच सेवा हे संदेश वाहत नाहीत. संपूर्ण पोर्ट एका ग्राहकाला देणाऱ्या सेवेत ते सर्वसाधारणपणे पुढे नेले जातात, तर एकाच पोर्टवर अनेक सेवा विभागून दिल्या जातात तेथे ते बहुधा टाकून दिले जातात. त्यामुळे पर्यायी जोडणी घेणाऱ्या संस्थेने करारापूर्वीच याची लेखी विचारणा करून घेणे इष्ट ठरते. सेवापुरवठादारही ग्राहकाच्या पोर्टवर ब्रॉडकास्ट वाहतुकीची कमाल मर्यादा बांधून ठेवतात, जेणेकरून लूप झालाच तरी त्याची झळ इतरांना कमी बसावी.