दाताच्या मुळाला लावलेलं टेट्रासायक्लिन

मागच्या व्याख्यानात आपण दातणापासून मिश्रीपर्यंत आलो होतो. आज तिथून पुढे, पायोरियाकडे. सरावलीसारख्या डहाणू-तलासरीच्या गावांत दात हलायला लागला की काढून टाकायचा, हीच फार काळची रीत. वाचवायचा तर मुंबई. नायरचं दंत महाविद्यालय १९३३चं, पण डहाणू रोडहून चर्चगेटला लोकल सुरू झाली ती २०१३ साली. मधली ऐंशी वर्षं लक्षात ठेवा.

पायोरियात होतं काय, तर हिरडी दातापासून सुटते, फटीत कीट साचतो आणि जंतूंचं विष मुळाच्या वरच्या थरात मुरतं. डॉक्टर अवजाराने ते खरवडतात. पण खरवडल्यावरही मुळावर भुशासारखा एक पातळ थर चिकटून राहतो. त्यावर हिरडीचे तंतू पुन्हा धरणार कसे? पोपडे न काढता भिंतीला चुना लावण्यातलाच प्रकार. म्हणून तो थर आम्लाने धुवावा, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाली, मागे पडली, आणि १९७०च्या दशकात सायट्रिक आम्लाच्या, म्हणजे लिंबातल्याच आम्लाच्या, रूपाने परत आली.

मग आलं टेट्रासायक्लिन. या घराण्यातलं पहिलं औषध, ऑरिओमायसिन, १९४८ साली अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेतून जाहीर झालं. शोध बेंजामिन डुगर यांचा, आणि तिथले संशोधनप्रमुख होते भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच वर्षी ते वारले. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, हे आम्हाला खटकतं.

हे औषध कॅल्शियमला घट्ट धरतं. त्यामुळेच लहान मुलांचे दात पिवळे-करडे पडले आणि ते बदनाम झालं. १९८०च्या दशकात संशोधकांनी नेमका हाच गुण कामाला लावला. त्याचं पाणी आम्लधर्मी, त्यामुळे चिकटलेला थर निघतो. औषध मुळाला धरून राहतं, हळूहळू पाझरतं. वर हिरडीचं कोलॅजन कुरतडणाऱ्या विकराला आवर घालतं. मग शस्त्रक्रियेत हिरडी उघडायची, कॅप्सूलमधली पूड सलाइनमध्ये कालवायची आणि कापसाच्या बोळ्याने काही मिनिटं मुळावर चोळायची, अशी पद्धत पडली.

सूक्ष्मदर्शकाखाली चित्र सुंदर दिसायचं: मुळावरची बारीक छिद्रं उघडी, पेशी छान चिकटलेल्या. रुग्णांत मात्र तसं घडलं नाही. २००३ साली तोवरचे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा सायट्रिक आम्ल काय, टेट्रासायक्लिन काय, रुग्णाला जाणवेल असा जादा फायदा दिसला नाही. आमच्या मते सूक्ष्मदर्शक खोटं बोलला नव्हता. पण काढलेला दात वेगळा आणि रक्त, लाळ, तंबाखू असलेलं तोंड वेगळं. टिकलं ते खरवडणंच. त्याला महागडं औषध लागत नाही, खुर्ची, अवजारं आणि जाणता हात लागतो. तेवढं तालुक्याला मिळालं तरी कितीतरी दात वाचतील.

कॅप्सूल फोडून घरीच हिरडीला चोळली तर चालेल का, असं कुणी विचारेल. नको. आत कीट तसाच राहतो, आणि गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर मुळीच नको. त्यापेक्षा आधी मिश्री सोडवा.