कोळसा, लोणारी आणि मेळघाटचे रान

मेळघाटच्या वनांविषयी जे लेखन आजवर झाले, त्यात मानाचे स्थान सागाला मिळाले आहे. हे स्वाभाविक आहे. कारण सागाची मोजदाद होते, लिलाव होतो व नोंद राहते. कोळशाचे तसे नाही. तो रानात तयार होतो, बाजारात विकला जातो आणि लोहाराच्या भात्यापुढे किंवा सोनाराच्या शेगडीत राख होऊन संपतो. अशा वस्तूचा इतिहास शोधताना दप्तरापेक्षा शब्दच अधिक उपयोगी पडतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम ‘कोळसा’ या शब्दाचाच विचार करू. संस्कृत कोशांत ‘कोकिल’ या शब्दाचा एक अर्थ पेटलेला निखारा असा दिलेला आढळतो. प्राकृतातील ‘कोइला’ व हिंदीतील ‘कोयला’ ही याच कुळातील रूपे होत. मराठी ‘कोळसा’ आणि गुजराती ‘कोलसो’ यांत मात्र ‘स’युक्त उत्तरांश जोडलेला दिसतो. धारणी तालुका नेमका या दोन रूपांच्या सीमेवर वसलेला आहे. तापीच्या खोऱ्यातून वर गेले की निमाडचा ‘कोयला’ लागतो, आणि घाट उतरून अचलपूरकडे आले की ‘कोळसा’. त्यातही वऱ्हाडी बोलीत ळकाराचा यकार होत असल्यामुळे तेथे ‘कोयसा’ असा उच्चार होतो. म्हणजे दोन्ही बोलींतील अंतर एका व्यंजनापुरतेच उरते.

संस्कृत ‘अंगार’ शब्दाने जळता व विझलेला असे दोन्ही कोळसे दर्शविले जातात. मराठीने ही कामे वाटून दिली. जळत्यासाठी ‘इंगळ’ आणि ‘निखारा’, विझलेल्यासाठी ‘कोळसा’. (देवापुढील ‘अंगारा’ हा त्याच घराण्यातला, पण त्याची वाट निराळी.) यांपैकी ‘इंगळ’चे प्राकृत रूप ‘इंगाल’ आपल्याला एका महत्त्वाच्या जागी भेटते. ‘उवासगदसाओ’ या अर्धमागधी आगमग्रंथात जैन श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा व्यवसायांची यादी आहे. तिच्यात पहिला ‘इंगालकम्म’ म्हणजे कोळसे पाडण्याचा धंदा आणि लगेच दुसरा ‘वणकम्म’ म्हणजे रानतोडीचा. निषेधाची यादी ही व्यवसायाच्या अस्तित्वाची उत्तम साक्ष असते. कोळसा पाडणे हा लाकूडतोडीहून स्वतंत्र असा धंदा होता, एवढे यावरून निःसंशय म्हणता येते.

मराठीत हा धंदा करणाऱ्याचे नाव ‘लोणारी’. व्युत्पत्तीने हा ‘लवणकार’, मीठ करणारा. प्रत्यक्षात मात्र चुना भाजणारा व कोळसे पाडणारा. मीठ, चुना आणि कोळसा यांचा वरकरणी संबंध दिसत नाही. पण भट्टी लावणे, ती राखणे आणि वेळेवर विझवणे हे कसब चुन्याला व कोळशाला सारखेच लागते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या २६ व्या कलमात राखीव वनात चुना किंवा कोळसा भाजणे एकाच खंडात निषिद्ध ठरविले आहे. कायदा लिहिणारांना लोणारी जात ठाऊक असो वा नसो, त्यांनी केलेली जोडी तीच आहे.

या कसबाचे शास्त्र थोडक्यात सांगणे अवश्य आहे. ओंडके रचून त्यांवर पालापाचोळा व माती लिंपतात, हवेला मोजकी भोके ठेवतात आणि आग लावतात. प्रथम पाणी उडते व दाट पांढरा धूर निघतो. सुमारे २७० अंश सेल्सियसच्या पुढे लाकडाचे विघटन आपल्याच उष्णतेने चालू लागते. धूर विरळ व निळसर झाला की भोके बुजवावी लागतात. उशीर झाला तर राख, घाई झाली तर अर्धवट जळकी लाकडे. लाकडाच्या वजनाचा जेमतेम पाचवा हिस्सा हाती येतो, अनेकदा त्याहूनही कमी. शुक्रनीतीत अग्निचूर्णासाठी रुई, निवडुंग इत्यादींचा कोळसा ‘अंतर्धूम’ पद्धतीने, म्हणजे धूर आत कोंडून, करावा असे सांगितले आहे. त्या ग्रंथाचा काळ वादग्रस्त असला तरी ही संज्ञा अतिशय अचूक आहे. लाकडाची निवडही महत्त्वाची. दारूला हलका कोळसा लागतो, लोहाराला जड. आणि मेळघाटात विपुल असलेला धावडा जड कोळशासाठी नावाजलेला आहे.

१८६७ मध्ये वऱ्हाड ओलांडून लोहमार्ग नागपूरला पोचला आणि पुढील दशकात वरोऱ्याची खाण सुरू झाली. या नव्या वस्तूला ‘दगडी कोळसा’ म्हणावे लागले, कारण नुसता ‘कोळसा’ म्हणजे लाकडाचाच, हे गृहीत होते. आज गृहीत उलटले आहे. वृत्तपत्रात ‘कोळसा’ म्हटला की खाणीचा. जुन्यालाच ‘लोणारी’ हे विशेषण लावून स्वतःची ओळख द्यावी लागते.

वर उल्लेखिलेल्या अधिनियमात वनोपजांच्या गणनेत इमारती लाकडाच्या लगोलग कोळसा येतो. २००६ च्या वनहक्क अधिनियमातील गौण वनोपजांच्या यादीत बांबू, मध, मेण, लाख, तेंदूपाने आहेत. कोळशाचे नाव नाही. १९७४ पासून मेळघाट व्याघ्रप्रकल्प आहे, आणि तेथे रानात भट्टी लागू नये हे योग्यच आहे. परंतु भट्टीबरोबर तिची परिभाषाही विझते. ड्रेक यांचे १९०३ चे कोरकू व्याकरण, १९०६ चा भाषासर्वेक्षणाचा चौथा खंड आणि झाइड यांचा १९६० चा प्रबंध यांचे उद्दिष्ट भाषेची रचना हे होते, धंद्याचे शब्द नव्हे. धुराच्या प्रत्येक रंगाला, माती लिंपण्याच्या प्रत्येक थराला, अर्धवट जळलेल्या ओंडक्याला कोरकू, वऱ्हाडी व निमाडी या तिन्ही भाषांत काय म्हणतात, याचा संग्रह धारणी परिसरात बसूनच करावा लागेल. एका विद्यार्थ्याला दोन उन्हाळे पुरतील इतके हे काम आहे.