कल्याण बंदरावरील निर्बंध आणि घाटमार्गावरील उपजीविका : कोंडाणे परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

शेजारी देशांमध्ये व्यापार खुला झाला अथवा रोखला गेला, तर तेथील रोजगारावर कोणता परिणाम होतो, हा प्रश्न मुक्त व्यापार करारांच्या चर्चेत वारंवार उपस्थित होतो. या प्रश्नाचा एक प्राचीन दाखला रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात आढळतो. राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात असलेली कोंडाणे येथील बौद्ध लेणी साधारणतः इ.स. पूर्व पहिल्या शतकातील मानली जातात. या खोऱ्यातून खाली उतरणारी वाट कल्याण बंदराकडे, तर घाट चढणारी वाट कार्ले-भाजे परिसरातून दख्खनच्या पठाराकडे जात असे. चैत्यगृहाजवळील एका शिल्पावर ‘कण्हाचा शिष्य बलक याने केले’ अशा अर्थाचा ब्राह्मी लेख आहे. अनेक अभ्यासक बलक यास शिल्पी मानतात. या मार्गावर राबलेल्या हातांपैकी नावानिशी उरलेला हा एक होय.

दोन सत्ता, दोन बंदरे

इ.स. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात कल्याणविषयी महत्त्वाची नोंद आहे. थोरल्या सारागानसच्या काळात कल्याण ही अधिकृत बाजारपेठ होती. पुढे सांदारेसकडे ताबा गेल्यावर तेथील व्यापारास मोठा अडथळा निर्माण झाला आणि तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. सांदारेस कोण, याविषयी मतभेद असले तरी ही नोंद सातवाहन आणि क्षहरात क्षत्रप यांच्यातील संघर्षाशी निगडित आहे, हे सामान्यतः मान्य आहे.

याच ग्रंथानुसार पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर होते आणि तेर त्यापुढे दहा दिवसांवर. पैठणचा मौल्यवान दगड व तेरचे कापड गाड्यांतून, रस्ते नसलेला मोठा प्रदेश ओलांडून भडोचला जात असे. वस्तुतः या दोन्ही नगरांना भडोचपेक्षा कल्याण जवळचे. म्हणजे व्यापार थांबला नव्हता. तो लांबच्या वाटेने वळला होता. अर्थशास्त्रज्ञ जेकब व्हायनर यांनी १९५० मध्ये जकात संघांच्या संदर्भात ‘व्यापार-विचलन’ ही संकल्पना मांडली. कल्याणच्या बाबतीत व्यापार वळविणारी शक्ती करार नसून पहारा होता, एवढाच फरक.

सवलत आणि भांडवल

क्षत्रपांचे धोरण केवळ अडवणुकीचे नव्हते. नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिक येथील लेखात इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा व डहाणुका या नद्यांवर विनाशुल्क नावांची सोय केल्याचा, तसेच भडोच, दशपूर, गोवर्धन व सोपारा येथे विश्रामगृहे उभारल्याचा उल्लेख आहे. हे कार्य पुण्यासाठी केलेले असले, तरी त्याचा लाभ व्यापारी मार्गांना मिळाला असणार. दुसऱ्या एका लेखानुसार त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे अनुक्रमे २,००० व १,००० कार्षापण ठेवले. पहिल्या ठेवीवर दरमहा शेकडा १ आणि दुसरीवर पाऊण असे व्याज ठरले होते. पहिल्या ठेवीच्या वार्षिक २४० कार्षापण व्याजातून २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी मिळत. विणकरांच्या हाती मात्र ३,००० कार्षापणांचे खेळते भांडवल आले. एका सत्तेखाली बंदर अडले असताना त्याच सत्तेच्या आश्रयाने दुसरीकडे कारागिरांना भांडवल मिळत होते.

घाटवाटेवरील गाडीवान, ओझेवाले व वाटाडे यांच्यासाठी अशी ठेव कोणी ठेवल्याचे दिसत नाही. त्यांच्या मजुरीचे दर लेखांत नाहीत. तथापि, त्यांचे काम मालाच्या वाटेशी बांधलेले असल्याने माल भडोचकडे वळताच सर्वप्रथम झळ त्यांनाच पोहोचली असावी, असा तर्क करता येतो.

पुनरुज्जीवन

गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर त्याने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. नंतरच्या काळात कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांबरोबरच सोनार व लोहार यांचीही दाने आढळतात. दान देण्याइतकी मिळकत कारागिरांकडे होती, याचा हा पुरावा होय.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, व्यापारी निर्बंधांनी व्यापार नष्ट होतोच असे नाही. पण रोजगाराचे ठिकाण बदलते. संघटित श्रेणींना नवे आश्रयदाते मिळू शकतात; वाटेवर पोट असणाऱ्यांना वाट सोडून जाता येत नाही. २०१९ मध्ये भारताने पाकिस्तानी मालावरील आयातशुल्क २०० टक्के केले, तेव्हा अटारी सीमेवरील हमालांचे काम असेच आटले. म्हणून व्यापार कराराचे मूल्यमापन एकूण आयात-निर्यातीच्या आकड्यांवर न थांबता मार्गावरील श्रमिकांपर्यंत पोहोचले पाहिजे. कोंडाण्याच्या लेण्यात बलकाचे नाव राहिले. त्याच खोऱ्यातून ओझी वाहणाऱ्यांचे राहिले नाही. आजच्या करारांच्या अभ्यासात तरी ही उणीव राहू नये.