वायपर घरी नेणारी माणसं

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या मॉस्कोत गाडी लावून घरी निघालेला माणूस आधी दार लॉक करायचा आणि मग काचेवरचे वायपर काढून सोबत न्यायचा. पाऊस सुरू झाला की गाड्या रस्त्याच्या कडेला थांबत, लोक उतरून वायपर लावत आणि पुढे निघत. वायपर चोरीला गेला तर दुकानात दुसरा मिळेलच याची खात्री नव्हती. ज्याचा गेला, त्याची नजर मग शेजारच्या गाडीकडे वळायची.

सोव्हिएत युनियनमध्ये १९७० पासून तोल्याती शहरातल्या कारखान्यातून फियाट १२४ वर बेतलेली झिगुली बाहेर पडू लागली. सामान्य माणसाच्या हाती गाडी आली, पण सुटे भाग आणि सर्व्हिस स्टेशनं त्या वेगाने वाढली नाहीत. सरकारी योजनेत किती गाड्या बनल्या हा आकडा मिरवण्यासारखा होता. किती वायपर दुकानात पोचले, हा नव्हता.

याचं सगळ्यात ठळक रूप पूर्व जर्मनीत दिसतं. तिथली जनतेची गाडी म्हणजे ट्राबांट. त्स्विकाऊ शहरात बनणारी, दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनाची. पत्र्याची चणचण म्हणून तिचं बाहेरचं अंग कापसाचे तंतू आणि रेझिन दाबून बनवलेलं. १९६४ साली आलेलं '६०१' मॉडेल १९९० पर्यंत जवळपास तसंच राहिलं. नाव नोंदवल्यावर गाडी मिळायला दहा वर्षांहून जास्त काळ लागायचा. त्यामुळे वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग विकली जाई, कारण ती आज मिळत होती.

इतकी वाट पाहून मिळालेली गाडी कोण मोडीत काढणार? ती वर्षानुवर्षं टिकवायची, म्हणजे भाग लागणारच. मग दुकानात जे दिसेल ते घ्यायचं. सायलेन्सर आलाय? घ्या. आपला चांगला आहे? तरी घ्या. असू दे, लागेल कधीतरी. नाहीच लागला तर अदलाबदलीला येईल. तळघरं आणि गॅरेजं अशी भरत गेली. मॉडेल बदलत नसल्यामुळे हे शहाणपणाचंही होतं. दहा वर्षांपूर्वीचा भाग आजच्या गाडीला बसायचा.

या वागण्याला लोभ म्हणणं सोपं आहे. हंगेरीचा अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई याने १९८० साली 'टंचाईचं अर्थशास्त्र' या विषयावर ग्रंथ लिहिला आणि दाखवून दिलं की मुळात कारखानेही हेच करत होते. त्याचं एक निरीक्षण मला फार आवडतं. बाजाराच्या व्यवस्थेत कारखान्याचं गोदाम मुख्यतः विकायच्या तयार मालाने भरलेलं असतं, कारण गिऱ्हाईक मिळणं अवघड असतं. टंचाईच्या व्यवस्थेत ते कच्च्या मालाने भरलेलं असतं, कारण माल मिळणं अवघड असतं. कुठल्याही देशाचं गोदाम उघडून बघा, तिथे कशाची भीती आहे ते कळेल. घरातल्या माळ्याचंही तसंच.

हे गणित आकड्यांत मांडून बघू. समजा, एका गावात १०० गाड्या आहेत. वर्षाला १० सायलेन्सर बदलावे लागतात आणि कारखाना बरोबर १० पाठवतो. सगळं ठीक चाललंय. एका वर्षी माल दोन महिने उशिरा येतो. पुढच्या खेपेला ३० जण रांगेत उभे राहतात, त्यातले २० जण नुसते धास्तीने. ज्या १० जणांचा सायलेन्सर खरोखर गळतोय, त्यांतले बरेचसे रिकाम्या हाताने परततात आणि कानाला खडा लावतात की पुढच्या वेळी दोन घ्यायचे. गावात सायलेन्सर पुरेसे आहेत, पण ते चुकीच्या घरांत आहेत. योजना आखणाऱ्याला मात्र कागदावर मागणी तिप्पट झालेली दिसते. किंमत सरकारने बांधलेली, म्हणून भाव वाढून रांग कमीही होत नाही. प्रत्येक जण शहाणपणाने वागला आणि सगळ्यांचं मिळून नुकसान झालं.

यात खरी झळ ओळख नसलेल्या माणसाला बसायची. ज्याचा मेव्हणा वर्कशॉपमध्ये, त्याला काउंटरखालून भाग मिळे. ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही, त्याची गाडी उभी राही. भागांसोबत लोक ओळखीही साठवत होते.

१९८९ च्या नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली. १ जुलै १९९० ला पूर्वेत पश्चिमेचा मार्क आला आणि त्यासोबत पश्चिमेच्या वापरलेल्या गाड्यांचा लोंढा. लोकांनी ट्राबांट रस्त्यावर सोडून दिल्या. तळघरातला वीस वर्षांचा साठा काही महिन्यांत भंगार झाला. ३० एप्रिल १९९१ ला शेवटची ट्राबांट बनली. तोवर एकूण आकडा ३० लाखांच्या वर गेला होता. पुढे हौशी लोक त्या गाड्या जपू लागले, तेव्हा उरल्यासुरल्या साठ्यांना पुन्हा मोल आलं.

आपल्याकडे याचं चुलत भावंड कुर्ल्यात होतं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स तिथे फियाट ११०० बनवायची. तिचंच नाव पुढे पद्मिनी झालं. लायसन्स राजमुळे प्रतीक्षायादी इथेही होती. पण इथे एक मोठा फरक होता. छोट्या कारखान्याला डुप्लिकेट भाग बनवून बाजारभावाने विकता येत होता. त्यामुळे मुंबईची टॅक्सी माळ्यावरच्या साठ्यापेक्षा गल्लीतल्या दुकानावर जास्त विसंबली. उत्पादन थांबल्यावरही ती दोन दशकं पळाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची नोंदणीकृत काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली, ती भाग मिळेनात म्हणून नव्हे, तर २० वर्षांची मुदत संपली म्हणून.

साठा करणं ही फक्त समाजवादी देशांची खोड नव्हे. गोदाम रिकामं ठेवण्याचं तंत्र जगाला शिकवणाऱ्या टोयोटाने २०११ च्या भूकंपानंतर चिप्सचा साठा ठेवायला सुरुवात केली. २०२१ च्या चिपटंचाईत सुरुवातीला ती इतरांपेक्षा बरी तगली. मग बाकीचेही साठा करू लागले आणि चिप्सची रांग आणखी लांबली.

म्हणून घरातल्या मोठ्यांच्या 'असू दे, लागेल कधीतरी'ला हसण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. त्यांनी कधी काय मागितलं होतं, जे दुकानात मिळालं नाही? माळा रिकामा करायला रविवारची दुपार पुरते. पुन्हा गेलो तर वस्तू मिळेल, हा विश्वास बसायला मात्र कित्येक वर्षं नीट भरलेली दुकानं लागतात.