तुकड्यांचे शिल्प : छिन्नक चीवर आणि आजची लघु कलागोधडी

गेल्या काही दशकांत अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया व जपान येथे गोधडीकलेचा एक लहान पण चिवट प्रकार रुजला आहे. एखादा गट एक विषय ठरवितो, आकार ठरवितो, मुदत ठरवितो. आणि त्या चौकटीत प्रत्येक जण कापडाच्या तुकड्यांतून आपली कृती सिद्ध करतो. ही गोधडी अंगावर घ्यावयाची नसते. ती एखाद्या वहीच्या पानाएवढी किंवा हात-दीड हाताची असते व भिंतीवर लावली जाते. मात्र तिची घडण गोधडीचीच असते : वरचा तुकडे जोडलेला थर, मधला भरावाचा थर, खालचे अस्तर आणि तिन्ही थरांना एकत्र बांधून ठेवणारा टाका. विषय सर्वांना एकच मिळतो. 'वाट', 'पाऊस', 'घर' असा एखादा शब्द पुरतो. पण दहा जणांच्या दहा कृती परस्परांहून सर्वस्वी भिन्न निघतात.

पाली साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांनी या विषयाकडे का वळावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर असे की, दिलेल्या विषयावर, दिलेल्या मर्यादेत, तुकडे जोडून वस्त्र घडविण्याच्या प्रसंगाची एक अत्यंत प्राचीन व तपशीलवार नोंद विनयपिटकात आहे. चिंधीला प्रतिष्ठा कोण देतो, शिवणाऱ्या हाताचे नाव कोण घेतो, हे प्रश्नही त्या नोंदीशी निगडित आहेत आणि ते आजही शिळे झालेले नाहीत.

महावग्गाच्या चीवरक्खन्धकात हा प्रसंग येतो. भगवान बुद्ध राजगृहाहून दक्खिणागिरीकडे चारिकेस निघाले असता वाटेत त्यांना मगधातील शेते दिसली. चौकोनी खाचरे, त्यांमधून गेलेले लांब बांध, मधले आखूड बांध आणि बांधाला बांध छेदून झालेले चौक, अशी ती रचना होती. अच्चिबद्ध, पालिबद्ध, मरियादाबद्ध व सिंघाटकबद्ध असे चार शब्द पाली पाठात तिच्यासाठी आले आहेत. भगवंतांनी आनंदाला ती शेते दाखविली आणि भिक्खूंसाठी अशा रचनेची चीवरे तयार करणे तुला जमेल काय, असे विचारले. आनंदाने होकार दिला. पुढे राजगृहास परतल्यावर त्याने अनेक भिक्खूंसाठी तशी चीवरे तयार केली व ती भगवंतांना दाखविली.

या प्रसंगातील दोन गोष्टींकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. पहिली ही की, भगवंतांनी नमुना आखून दिला नाही. त्यांनी केवळ विषय दिला. शेत हे जमिनीवरचे, वस्त्र हे अंगावरचे. एकाचे दुसऱ्यात रूपांतर कसे करावयाचे, हे आनंदाने ठरविले. लांब बांधाची 'कुसि' झाली, आखूड बांधाची 'अड्ढकुसि' झाली, खाचराचे 'मंडल' व 'अड्ढमंडल' झाले. त्याखेरीज मानेशी येणारा 'गीवेय्यक', पोटरीशी येणारा 'जंघेय्यक' व बाहूकडील 'बाहन्त' हे भाग आले. मान व पोटरी शेताला नसते. म्हणजे आनंदाने नुसती नक्कल केली नाही. वस्त्र कोठे घासते, कोठे ताण घेते, याचा विचार करून त्याने विषयाला शरीराशी जुळवून घेतले. थोडक्यात सांगितलेल्याचा अर्थ आनंदाने विस्ताराने जाणला, अशा आशयाची प्रशंसा भगवंतांनी भिक्खूंसमोर केली. दुसरी गोष्ट ही की, ही प्रशंसा त्याचे नाव घेऊन केलेली आहे. वापरावयाच्या वस्तूच्या रचनाकाराचे नाव नोंदले जावे, हे प्राचीन वाङ्मयात विरळाच आढळते.

चीवर कापून का शिवावयाचे, याचे कारणही तेथेच दिले आहे. शस्त्राने कापल्यामुळे ते ओबडधोबड होते, श्रमणाला शोभणारे होते आणि चोरापोराला त्याचा लोभ राहत नाही. अखंड वस्त्राला बाजारात मोल असते. तुकडे केले की ते मोल उतरते. संघाटी, उत्तरासंग व अंतरवासक ही तिन्ही वस्त्रे छिन्नक असावीत, असा नियम त्यानंतर झाला. बाजारमोल काढून घेतल्यावर त्या वस्त्राला जे मोल उरले, ते केवळ रचनेचे व आचरणाचे होते.

येथे पांसुकूलाचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. जीवकाने भगवंतांना सीवेय्यक वस्त्र अर्पण करून गृहस्थांनी दिलेली चीवरे घेण्याची अनुज्ञा मागितली, तोपर्यंत भिक्खू पांसुकूलधारी होते, असे चीवरक्खन्धक सांगतो. पुढे आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात पांसुकूलाचे २३ प्रकार दिले. स्मशानातील वस्त्र, रस्त्यावर टाकलेली चिंधी, उकिरड्यावरचे कापड, आगीत होरपळलेले, गाईने चघळलेले, वाळवीने खाल्लेले, उंदराने कुरतडलेले अशी ही यादी आहे. जगाने जे जे म्हणून टाकले, ते ते उचलून, धुऊन, रंगवून, शिवून संघाने अंगावर घेतले.

आता याच्या शेजारी मनुस्मृतीचा दहावा अध्याय ठेवावा. तेथे चांडाळ व श्वपच यांची वस्ती गावाबाहेर असावी, त्यांनी फुटक्या भांड्यांत जेवावे आणि मृतांची वस्त्रे नेसावीत, असे विधान आहे. वस्त्र तेच, स्मशानही तेच. एकीकडे ते जन्माच्या आधारे माणसावर लादलेले लांछन आहे. दुसरीकडे ते स्वेच्छेने पत्करलेले शील आहे. संघात आलेला शाक्य राजपुत्रही तेच ओढून घेतो आणि नाभिक उपालीही तेच ओढून घेतो. जे चिन्ह अपमानासाठी योजिले गेले, त्यातील अपमान संघाने असा काढून टाकला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले, त्यामागे जी मानवी प्रतिष्ठेची मागणी होती, ती समजून घेताना हा चिंधीचा इतिहास ध्यानी ठेवला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

शिवणे हे एकट्याचे कामही नव्हते. वर्षावासानंतरचे कठिन चीवर पाच किंवा अधिक भागांत कापून त्याच दिवशी सिद्ध करावे लागते. एका दिवसाची मुदत म्हटली की अनेक हात आलेच. धम्मपदाच्या अट्ठकथेत अनुरुद्ध थेरांच्या चीवराची कथा आहे. त्यातील अद्भुत भाग बाजूला ठेवला, तरी एक चित्र मनात राहते. चीवराच्या एका टोकाशी महाकस्सप, मध्ये सारिपुत्त, दुसऱ्या टोकाशी आनंद बसले आहेत. भिक्खू दोरा वळीत आहेत. महामोग्गल्लान लागेल ते आणून देत आहेत. आणि स्वतः शास्ता सुईत दोरा ओवीत आहेत. ही अट्ठकथा पिटकाहून पुष्कळ नंतरची आहे, हे आम्ही विसरत नाही. तथापि परंपरेला आपल्या शास्त्याच्या हाती सुई-दोरा देण्यात कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने मोलाची आहे.

छिन्नक चीवराची ही रचना धम्माबरोबर चीन व जपानमध्ये गेली. जपानी 'केसा' हे तिचेच रूप होय. परंतु पाश्चात्त्य गोधडी ही चीवरातून जन्मली, असे म्हणण्यास आधार नाही आणि आम्ही तसे म्हणत नाही. जेथे कापड दुर्मिळ व श्रम स्वस्त, तेथे तुकडे जोडण्याची कला स्वतंत्रपणे उगवते. साम्य आहे ते प्रश्नांचे.

हे प्रश्न हॅरिएट पॉवर्स या स्त्रीच्या चरित्रात स्पष्ट दिसतात. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात १८३७ साली गुलामगिरीत जन्मलेल्या या कृष्णवर्णीय स्त्रीने कापडाच्या आकृत्या शिवून बायबलमधील कथांची गोधडी केली. १८८६ साली अथेन्स गावच्या कापूस-जत्रेत ती मांडली गेली. जेनी स्मिथ या कलाशिक्षिकेने ती विकत मागितली, तेव्हा पॉवर्स यांनी नकार दिला. पुढे १८९१ साली हलाखीमुळे त्यांनी ती दहा डॉलरला देऊ केली आणि पाच डॉलरवर त्यांना समाधान मानावे लागले. आपली गोधडी पाहण्यासाठी त्या नंतरही खरेदीदार बाईंच्या घरी जात असत. प्रत्येक चित्राचा अर्थ त्यांनी सांगितला व स्मिथबाईंनी तो लिहून ठेवला, म्हणून त्यांचे नाव आज ठाऊक आहे. ती गोधडी वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. दुसरी बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. तिच्या पंधरा चौकटींत बायबलच्या कथांबरोबर १८३३ सालचा प्रसिद्ध उल्कावर्षावही आला आहे. अशा किती स्त्रियांचे अर्थ लिहून घेणारे कोणीच भेटले नसेल!

विषय देऊन गोधड्या मागविण्याच्या प्रथेतील एक मोठा प्रसंग १९३३ सालचा आहे. शिकागोच्या 'शतकाची प्रगती' या जागतिक प्रदर्शनानिमित्त सीअर्स या व्यापारी कंपनीने राष्ट्रव्यापी स्पर्धा भरविली. महामंदीचा तो काळ. पहिले बक्षीस हजार डॉलरचे, आणि प्रथम आलेली गोधडी प्रदर्शनाच्या विषयावर असल्यास आणखी दोनशे. सुमारे चोवीस हजार गोधड्या आल्या. अनेकींनी गगनचुंबी इमारती, विमाने, आगगाड्या शिवल्या. परीक्षकांनी मात्र परंपरागत तारा-नमुन्याची, सुबक टाक्यांची गोधडी प्रथम ठरविली. पुढे संशोधकांनी दाखवून दिले की, ती गोधडी विजेतीने स्वतः शिवलेलीच नव्हती. मोलाने काम करणाऱ्या स्त्रियांनी ती शिवली होती. कृती आपल्या हातची असावी ही स्पर्धेची अट मोडली गेली होती, आणि बक्षिसाच्या रकमेतही त्या स्त्रियांना वाटा मिळाला नाही. विषय घेऊन नवे काही मांडणाऱ्या बाजूला पडल्या आणि शिवणाऱ्या अनामिक राहिल्या. आनंदाच्या प्रसंगाच्या हे नेमके उलट झाले.

१९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुन्या अमेरिकन गोधड्या चित्रांप्रमाणे भिंतीवर मांडल्या, तेव्हा त्यांकडे कला म्हणून पाहण्याची दृष्टी दृढ झाली. पण तेथेही बहुतेक गोधड्यांच्या कर्त्या अज्ञातच होत्या. १९७९ साली ओहायो राज्यात 'क्विल्ट नॅशनल' हे नव्या कलागोधड्यांचे प्रदर्शन सुरू झाले; १९८९ साली कलागोधडी करणाऱ्यांची स्वतंत्र संस्था निघाली. त्यानंतर आकार लहान होत गेला. २००२ साली केरी ब्रेसेनहन यांनी दर महिन्याला साडेआठ बाय अकरा इंचांची, म्हणजे कागदाच्या पानाएवढी, एक गोधडी करण्याचे आवाहन केले. ती जणू कापडाची रोजनिशी होती. २००६ साली ॲमी सिम्स यांनी आपल्या आईच्या स्मृतिभ्रंशाच्या आजारातून प्रेरणा घेऊन नऊ बाय बारा इंचांपर्यंतच्या गोधड्या दान मागितल्या. त्यांच्या विक्रीतून व संबंधित उपक्रमांतून २०१३ पर्यंत दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम या रोगाच्या संशोधनासाठी उभी राहिली.

लहान आकाराचे मर्म येथे दिसते. मोठ्या गोधडीला महिने लागतात, कापड लागते, पसरावयास जागा लागते. पानाएवढी गोधडी एका खोलीत राहणारी, दिवसभर कामावर जाणारी बाईही करू शकते. चुकली तर फारसे बिघडत नाही, म्हणून नवे करून पाहण्याचे धैर्य येते. विषय दिलेला असल्याने काय करावे हा घोर नसतो. कसे करावे याकडे सारे चित्त लागते. मर्यादा ही येथे बेडी नसून बांध आहे. बांधामुळे खाचरात पाणी टिकते, हे मगधाच्या शेतकऱ्याला ठाऊक होते.

महाराष्ट्रात आपल्या आज्यांनी जुन्या लुगड्यांची, धोतरांची गोधडी शिवली, वाकळ शिवली. धावदोऱ्याच्या ओळी शेताच्या तासांसारख्या सरळ घातल्या, कडेला गोट लावला. ती पांघरून आपल्यापैकी अनेक जण शिकले, पदवीधर झाले. आणि घरात रजई आल्यावर तीच गोधडी पायपुसणे झाली किंवा टाकून दिली गेली. दारिद्र्याची खूण म्हणून तिची लाज वाटली, हे समजण्यासारखे आहे. पण लाज त्या व्यवस्थेची वाटावयास हवी, आजीच्या टाक्याची नव्हे.

यास्तव आमची एक सूचना आहे. विहारांतून वर्षावासाच्या तीन महिन्यांत उपासिकांनी, तरुणांनी, मुलांनीही वहीच्या पानाएवढी एकेक गोधडी शिवावी. विषय एकच असावा : एका वर्षी महाडचे तळे, एका वर्षी १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा दिवस, एका वर्षी आईची पहिली शाळा. कापड घरातील जुनेच असावे. बक्षीस नसावे. मागील अस्तरावर शिवणाऱ्याचे नाव, गाव, साल आणि कापड कोणाचे होते याची ओळ टाक्याने लिहावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्थ दुसऱ्याने ऐकून लिहून घ्यावा.

आनंदाचे नाव अडीच हजार वर्षे टिकले, कारण ते घेण्यास शास्ता होते आणि जपण्यास संघ होता. आपल्या घरातील शिवणाऱ्या हातांची नावे जपण्याचे काम आता आपल्याकडे आहे.