व्यायाम सकाळी करावा की संध्याकाळी?

‘डॉक्टर, पहाटेच चालायला हवं का?’ असे रुग्ण विचारतात. तशी सक्ती नाही. जी वेळ नियमित पाळता येते, तीच उत्तम. आठवड्यात किमान १५० मिनिटे भरभर चाला. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात गळीत हंगामात तुमची पाळी बदलत असेल, तर व्यायामाची वेळही बदला. त्यासाठी झोप मोडू नका.

मधुमेहात जेवणानंतर १०-१५ मिनिटे चालल्यास रक्तातील साखर कमी वाढते. इन्सुलिन घेत असाल, तर उपाशीपोटी व्यायाम करू नका. खिशात साखर ठेवा.

एप्रिल-मे महिन्यांत सकाळी ११ ते संध्याकाळी ५ उन्हात व्यायाम टाळा. सिकलसेलच्या रुग्णांनी भरपूर पाणी प्यावे, अतिश्रम टाळावेत. चालताना छातीत दुखले, तर थांबा आणि लगेच रुग्णालय गाठा.