आइल रॉयल : लांडगे, मूस आणि हिवाळा

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात मोडणारे, सुपीरियर सरोवरातले सुमारे ७२ किमी. लांबीचे जंगलबेट. येथे अस्वले नाहीत, बंदूकधारी शिकारीही नाहीत. मोठा शिकारी एकच, लांडगा. आणि त्याचे मुख्य भक्ष्यही एकच, हरिणकुळातला सर्वांत थोराड प्राणी मूस. ड्यूरवर्ड ॲलन यांनी १९५८ साली या जोडीचा अभ्यास हाती घेतला, तो अजून चालू आहे. हिशेब मांडला गेला दोघांचा, पण पानोपानी तिसराच भागीदार मध्ये येतो : हिवाळा.

मूसचे पाय काठ्यांसारखे उंच. गुडघाभर हिमाचे त्याला काही वाटत नाही; हिम छातीला टेकू लागले की मात्र पावलापावलाला दम लागतो. वरचा थर कडक झाला असेल तर आणखी पंचाईत, कारण त्या पापुद्र्यावरून हलका लांडगा सहज धावतो आणि चारशे किलोचा मूस खाली रुततो. एरिक पोस्ट, रॉल्फ पीटरसन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की भरपूर हिमाच्या वर्षी लांडगे मोठ्या टोळ्या करून हिंडतात आणि कमी हिमाच्या वर्षांच्या तुलनेत रोजची शिकार तिपटीवर जाते. परिणाम तेथेच थांबत नाही. मूस घटले की त्यांचे हिवाळी खाद्य असलेली बाल्सम फरची झाडे जोमाने वाढतात, आणि त्याची नोंद खोडातल्या वर्तुळांत उमटते. बेटावर हिम किती पडणार हे अटलांटिकवरच्या हवेच्या दाबाशी निगडित असते; त्या दाबातली उलथापालथ अशी एका झाडाच्या बुंध्यात वाचता येते.

लांडगे नसले तरी हिवाळा आपले काम करतोच. १९९६ च्या कडक हिवाळ्याअखेर उपासमार आणि गोचिडांनी मूसची संख्या सुमारे २,४०० वरून ५०० वर आणली.

म्हणून सौम्य हिवाळा मूसच्या पथ्यावर पडतो असे समजायचे कारण नाही. हिवाळी गोचिडी शरद ऋतूत अंगावर चढतात आणि वसंतात रक्त पिऊन गळून पडतात. खाली हिम असेल तर पुष्कळशा मरतात, उघडी जमीन मिळाली तर अंडी घालतात. एका मूसच्या अंगावर अशा हजारो गोचिडी असू शकतात. खाजेने हैराण झालेला प्राणी झाडांना अंग घासून स्वतःचे केस उपटून काढतो.

लांडग्यांचे दुखणे वेगळे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ते गोठलेल्या सरोवरावरून चालत आले. पुढे हा बर्फाचा पूल क्वचितच जुळू लागला, तसे नवे रक्त यायचे बंद झाले. १९९७ मध्ये कॅनडाकडून एक नर आला आणि त्याच्या संततीने काही वर्षे टोळ्यांना बळ दिले. पण २०१८ पर्यंत उरले दोनच लांडगे, नात्याने बाप-लेक. मग २०१८-१९ मध्ये १९ लांडगे बाहेरून आणून सोडण्यात आले. गंमत अशी, की २०१९ च्या थंडीत पूल पुन्हा जुळला आणि त्यातली एक मादी त्यावरून सरळ मुख्य भूमीवर परत निघून गेली.

दरवर्षीची मोजणी बर्फावर उतरणाऱ्या छोट्या विमानातून होते. २०२४ मध्ये बर्फ पुरेसा धरलाच नाही, आणि मोजणी मध्येच आवरती घ्यावी लागली.